तळाशी कोणाची सही?

बँकेत काही वर्षे काढली की माणसाला एक सवय जडते. कोणताही कागद हाती आला, की मजकूर वाचण्याआधी नजर खालच्या कोपऱ्याकडे जाते. सही आहे का, ती नमुन्याशी जुळते का, खाडाखोड झाली असेल तेथे पुन्हा सही केलेली आहे का, हे पाहिल्यावाचून चैन पडत नाही. हीच सवय भांडी पाहतानाही उपयोगी पडते, असे मला कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. परंतु एका घरी आंबावडी खाल्ली आणि माझे मत बदलले.

गोष्ट गेल्या पावसाळ्यानंतरची. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ ग्राहक आहेत. वय ऐंशीच्या पुढे. पत्नीचे निधन झाल्यामुळे त्यांना खात्यावरील नामनिर्देशन बदलायचे होते. शाखेत येणे त्यांना झेपणारे नव्हते, म्हणून अर्ज घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. काम दहा मिनिटांचे होते. पण कोकणातील घरातून काही न खाता निघता येत नाही. सूनबाईंनी आंबावडी आणून ठेवली आणि वडीपेक्षा ती ज्या भांड्यात होती त्याच्याकडेच माझे लक्ष गेले.

वाडग्यासारखे पसरट, वीतभर रुंदीचे भांडे. आतून शुभ्र, बाहेरून गर्द हिरवे, आणि त्या हिरव्या रंगावर उभ्या पांढऱ्या पानांची एकसारखी रांग. काठाच्या खाली करंगळीच्या नखाएवढा टवका उडालेला होता आणि तेथून आतले काळे पडलेले पोलाद दिसत होते. वड्या संपल्यावर मी सवयीने भांडे उलटे करून पाहिले. तळाशी इंग्रजीत दोनच शब्द होते: ‘कॅथरीनहोल्म, नॉर्वे’.

“बघा, बघा मॅडम,” काका म्हणाले. “नातू पुण्याला असतो. तो म्हणतो, आजोबा, याला परदेशात चांगली किंमत येते, विकून टाका. तुम्ही बँकेतल्या. तुम्हीच सांगा, काय किंमत होईल याची?”

तरुणपणी ते एका नॉर्वेजियन मालवाहू जहाजाच्या इंजिनखान्यात कामाला होते. 1968 साली ऑस्लोला जहाज लागले असताना, हातात पगार आणि मनात नवी नवरी, अशा अवस्थेत त्यांनी हे भांडे घेतले. “दुकानदार म्हणाला, हे कमळ आहे. मी म्हटलं, वा! कमळ म्हणजे आपलंच. पण आमच्या हिने ते कधी मानलं नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, हे पिंपळाचं पान आहे.”

दागिना असता तर आमच्या पॅनेलवरील सराफाने कस लावून किंमत सांगितली असती. या भांड्याचा कस कोण लावणार? मी काकांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या पंधरा दिवसांत जे वाचले आणि पाहिले, त्याने माझ्यापुढे किमतीपेक्षा वेगळाच प्रश्न उभा केला.

आकार तिचा, पाने त्याची

नॉर्वेच्या आग्नेय टोकाला, स्वीडनच्या सीमेलगत हाल्डेन नावाचे गाव आहे. कॅथरीनहोल्म हा तेथील कारखाना. एकोणिसाव्या शतकात लोखंडाचा कारखाना म्हणून तो सुरू झाला आणि पुढे एनॅमलची भांडी करू लागला. एनॅमल म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली रंगीत काच. काचेची बारीक पूड पोलादावर चढवायची आणि भट्टीत सुमारे 800 अंश सेल्सियसपर्यंत तापवायची, की पूड वितळून धातूला एकजीव चिकटते. आपल्याकडील दागिन्यांवरचे मीनाकाम याच तत्त्वावर चालते. सोन्यावर जे नजाकतीने होते, तेच पोलादावर मोठ्या प्रमाणावर केले की स्वयंपाकघरातील टिकाऊ भांडे तयार होते.

दागिना आणि भांडे यांच्यातील हे अंतर ज्या कलावतीने ओलांडले तिचे नाव ग्रेटे प्रित्स कित्तेल्सेन. तिचा जन्म 1917 सालचा. ऑस्लोतील ‘टोस्ट्रुप’ ही 1832 पासूनची नामांकित सुवर्णकारांची पेढी तिच्या घराण्याची. तिने रीतसर सोनारकामाचे शिक्षण घेतले, 1949-50 मध्ये शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अभ्यास केला आणि 1952 साली स्कँडिनेव्हियातील कलावंतांना दिला जाणारा मानाचा लुनिंग पुरस्कार मिळवला. 1954 साली मिलान येथील त्रैवार्षिक प्रदर्शनात तिच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक लाभले.

इतका मान मिळाल्यावर चांदीच्या चार वस्तू धनिकांसाठी घडवीत सुखाने राहता आले असते. तिने तसे केले नाही. ऑस्लोतील औद्योगिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर तिने एनॅमलवर प्रयोग केले. मोठ्या पृष्ठभागावर काच तडकणार नाही, रंग खुलून दिसेल आणि भांडे रोजच्या वापरात टिकेल, असे तंत्र तिला हवे होते. 1950च्या दशकात ती कॅथरीनहोल्मसाठी आकार रेखाटू लागली. तिची भांडी पाहिली तर त्यांवर कसलीही वेलबुट्टी नसते. एक सलग रेषा, एक खोल रंग, संपले. रंग हाच अलंकार, अशी तिची धारणा त्या भांड्यांत दिसते. सोनाराच्या नजरेने घडवलेली वस्तू सामान्य गृहिणीच्या हाती जावी, हा त्यामागचा हेतू.

मग काकांच्या भांड्यावरील पाने कोठून आली?

ती रेखाटली आर्ने क्लाउसेन याने. हा कॅथरीनहोल्मसाठी काम करणारा आरेखक. जन्म 1923, मृत्यू 1977. 1960च्या दशकात त्याने ही टोकदार, शिरा असलेल्या पानांची रांग काढली आणि कारखान्याने ती ग्रेटेच्या आकारांवर चढवली. ‘लोटस’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. वाडगे, किटल्या, कॉफीची भांडी, झाकणाची पातेली, ताटल्या अशा कितीतरी वस्तूंवर पिवळ्या, नारिंगी, तांबड्या, निळ्या, हिरव्या रंगांत ती पाने उमटली. आज कॅथरीनहोल्म म्हटले की संग्राहकांच्या डोळ्यांपुढे येतात ती हीच पाने. ग्रेटेला मात्र आपल्या स्वच्छ आकारावर केलेले हे चित्रकाम रुचले नव्हते.

आता नियतीचा विनोद पाहा. कारखाना 1970च्या दशकात बंद पडला. क्लाउसेनही त्याच दशकात गेला. ग्रेटे 2010 पर्यंत जगली, नावाजली गेली. जुन्या भांड्यांचा शौक वाढला तेव्हा विक्रेत्यांना आठवत होते ते एकच नाव. त्यामुळे वर्षानुवर्षे ‘लोटस’ भांड्यांच्या चिठ्ठीवर एकट्या ग्रेटेचे नाव लिहिले जात राहिले. जी पाने तिला आवडली नव्हती त्यांचेच श्रेय तिच्या पदरी पडले आणि ज्याने ती काढली तो मागे राहिला. आमच्या भाषेत सांगायचे, तर खाते संयुक्त होते आणि पासबुकावर नाव एकाचेच छापले गेले. तळाशी तर दोघांपैकी कोणाचेच नव्हते. तेथे फक्त कारखान्याचे नाव होते, आणि काही नगांवर तेही नसते.

अलीकडे ही नोंद दुरुस्त होऊ लागली आहे. डेन्मार्कच्या ‘लुसी कास’ या कंपनीने हीच पाने चिनी मातीच्या भांड्यांवर पुन्हा आणली आणि त्या मालिकेला थेट आर्ने क्लाउसेनचे नाव दिले. मूळ एनॅमलची भांडी आणि ही नवी भांडी यांत गल्लत करू नये; पण चित्र ज्याचे त्याच्या नावावर जमा झाले, याचे एका बँक कर्मचाऱ्याला समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे.

सही करावी की करू नये?

विसाव्या शतकाच्या मध्यावरील वाढपाच्या भांड्यांचा हा छंद मुळात नावांचाच छंद आहे, हे माझ्या ध्यानात येऊ लागले. त्या काळात यंत्राने हजारो वस्तू एकसारख्या निघत होत्या. मग त्यांत माणूस कोठे राहिला? या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली.

अमेरिकेत रसेल राइट याने ‘अमेरिकन मॉडर्न’ ही चिनी मातीची भांडी 1939 साली बाजारात आणली. स्ट्यूबेनव्हिल येथील कारखाना ती बनवीत असे. परंतु प्रत्येक नगाच्या तळाशी राइटचे नाव सहीच्या धाटणीने उमटवलेले असे. नाव हाच विक्रीचा आधार होता. 1954 साली निरेनबर्ग या अमेरिकन दांपत्याने कोपनहेगनच्या संग्रहालयात येन्स क्विस्टगार्ड या डॅनिश कारागिराचे पोलादाचे व सागवानी मुठीचे काटे-चमचे पाहिले, त्याला गाठले आणि ‘डान्स्क’ ही कंपनी सुरू केली. त्यानेच एनॅमलचे असे पातेले रेखाटले, की ज्याचे झाकण उलटे ठेवले असता त्याचीच बैठक होते. गरम पातेले टेबलावर ठेवायला वेगळे काही शोधावे लागत नाही. डान्स्कच्या अनेक वस्तूंच्या तळाशी कंपनीच्या नावासोबत क्विस्टगार्डची आद्याक्षरे आढळतात. कंपनी आणि कलावंत यांची ती जोडसही म्हणावी लागेल.

फिनलंडच्या काय फ्रांक याने अगदी उलटी भूमिका घेतली. ‘आराबिया’ कारखान्यासाठी त्याने केलेली ‘किल्ता’ ही भांडी 1953 साली विक्रीस आली. ठरीव संचाची सक्ती नाही, हवा तो नग सुटा घ्यावा, एकात एक रचून ठेवावा, ओव्हनमधून थेट टेबलावर आणावा, अशी त्यांची सोय होती. युद्धानंतरच्या लहान घरांना ती फार मानवली. 1981 पासून तीच कल्पना ‘तेएमा’ या नावाने चालू आहे. या फ्रांकने 1960च्या दशकात असे मांडले, की रोजच्या वापराच्या वस्तूवर कलावंताचे नाव मिरवू नये. वस्तू उपयोगाने ओळखली जावी. गंमत अशी, की आज संग्राहक ‘किल्ता’ शोधतात ते फ्रांकचे नाव घेऊनच.

हे वाचत असताना मला आमचे माजघर आठवले. आपल्या फडताळातही प्रत्येक भांड्यावर नाव असते. टिंबाटिंबांनी कोरलेले: अमुक मामांकडून, तमुक यांच्या लग्नात, सप्रेम भेट, खाली तारीख. परंतु ते नाव देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे असते. घडवणाऱ्या तांबटाचे नाव तेथे नसते. तिकडे तळाशी घडवणारा शोधायचा, इकडे काठावर नाते वाचायचे. दोन्ही नोंदी खऱ्या आणि दोन्ही अर्ध्या.

छंद करू इच्छिणाऱ्यांसाठी

काही वाचकांना अशा भांड्यांची आवड असेल, कोणाला परदेशस्थ आप्तांकडून ती मिळालीही असतील. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, तळ अवश्य पाहावा, पण तळावर विसंबू नये. खूण नसलेला नग अस्सल असू शकतो. आकार, काठाची घडण, वजन आणि रंगाची खोली ही दुसरी साक्ष. खरेदीच्या वेळी आकार कोणाचा आणि चित्र कोणाचे, असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. विक्रेता दोन्हींना एकच उत्तर देऊ लागला तर थोडे थांबावे.

दुसरी गोष्ट अवस्थेची. काच आणि पोलाद यांचा स्वभाव वेगळा. धक्का बसला किंवा तापलेले भांडे एकाएकी गार पाण्याखाली धरले, की काच तडकते. टवका उडाला की तेथे गंज धरतो आणि बाजारात किंमत उतरते. एनॅमलचे भांडे तारेच्या घासणीने घासू नये, मऊ फडक्याने धुऊन लगेच कोरडे करावे आणि मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये.

तिसरी गोष्ट आरोग्याची. त्या काळातील तांबड्या, नारिंगी, पिवळ्या रंगांत कॅडमियमसारखे धातू वापरले जात. म्हणून जुन्या भांड्यात, विशेषतः टवका उडालेल्या भांड्यात, चिंच, कोकम, दही असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. कोरडा फराळ किंवा सालीची फळे ठेवून शोभा राखता येते.

चौथी गोष्ट आमच्या व्यवसायाशी निगडित. ही भांडी म्हणजे गुंतवणूक नव्हे. त्यांना ठरीव बाजारभाव नाही, व्याज नाही आणि गरज पडेल त्या दिवशी गिऱ्हाईक भेटेलच याची हमी नाही. भारतीय कायद्याच्या दृष्टीनेही ती पुरावस्तू ठरत नाहीत. 1972च्या कायद्यानुसार त्यासाठी वस्तू साधारणपणे किमान 100 वर्षांची असावी लागते. तेव्हा हौसेचे पैसे हौसेच्या खात्यातूनच खर्च करावेत. मुदत ठेव मोडून वाडगा घेऊ नये.

पुन्हा काकांकडे

पंधरा दिवसांनी मी काकांकडे गेले. नव्या नामनिर्देशनाची पोचपावती द्यायची होतीच. मी त्यांना ग्रेटेची गोष्ट सांगितली, क्लाउसेनची सांगितली. काका मन लावून ऐकत होते. शेवटी मी जरा चाचरतच म्हटले, “काका, भांडं अस्सल आहे. पण बाहेर विकायचं झालं, तर त्या टवक्यामुळे किंमत बरीच कमी येईल.”

काका थोडे थांबले. मग हसले. “तो टवका कसा उडाला, ठाऊक आहे?”

भांडे घरी आले त्या वर्षी काका पुन्हा समुद्रावर गेले होते. घरातल्या साऱ्या भांड्यांवर नावे होती. याच्यावर मात्र नव्हते. नवऱ्याने परदेशातून आणलेली पहिली वस्तू बिननावाची राहावी, हे काकूंना पटेना. त्या भांडे घेऊन बाजारात नावे घालून देणाऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, वहिनी, हे काचेचं पाणी दिलेलं आहे, यावर छिन्नी चालणार नाही. काकूंनी ऐकले नाही. त्याने नाइलाजाने पहिले टिंब मारले आणि काच उडाली.

“ते मला पत्रातून कळलं. पत्र तीन महिन्यांनी हातात आलं, दुसऱ्याच बंदरात. लिहिलं होतं, नाव घालायला गेले आणि तुमच्या भांड्याला टवका उडाला, रागावू नका.” काकांनी भांडे हातात घेतले आणि अंगठा त्या खळग्यावर ठेवला. “मी परत आल्यावर रोज म्हणायची, दुसरं आणा. दुसरं मिळालं नाही. हेच वापरलं, छप्पन्न वर्षं.”

मी काय बोलणार? इतके दिवस जो टवका मी दोष म्हणून मोजला होता, तेथे एक नाव सुरू झाले होते आणि पहिल्या टिंबावरच थांबले होते. कोणत्याही विक्रेत्याच्या यादीत त्याची नोंद ‘खराबी’ अशीच होईल. नियमाने ती बरोबरही आहे.

“मग नातवाला काय सांगणार?” मी विचारले.

“त्याला यातलं काहीच माहीत नाही ना,” काका म्हणाले. “त्याला फक्त किंमत माहीत आहे.”

तेव्हा मी माझ्या पिशवीतील एक कोरा कागद काढला. खात्याला वारस नेमतो, त्याच्या बरोबरीने या भांड्याचीही एक नोंद करून ठेवू, असे सुचवले. काकांनी सांगितले आणि सूनबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिले: आकार ग्रेटे प्रित्स कित्तेल्सेन यांचा. पाने आर्ने क्लाउसेन यांची. कारखाना कॅथरीनहोल्म, हाल्डेन, नॉर्वे. खरेदी ऑस्लो, 1968. त्यापुढे घेणाऱ्याचे नाव, वापरणारीचे नाव, आणि टवका कसा उडाला ते दोन ओळींत. शेवटी काकांनी सही केली. हात थरथरत होता. सही नमुन्याशी तंतोतंत जुळली नसती. मी ती तपासली नाही.

कागदाची घडी भांड्यात ठेवली गेली. विकायचे की ठेवायचे हे पुढे नातू ठरवील. तो त्याचा अधिकार आहे. पण निर्णय घेताना त्याच्यापुढे किंमत एकटी नसेल.

वाचकहो, आपल्याही घरात एखादे असे भांडे असेल. परदेशी कलावंताचे असेलच असे नाही; आजीचा पितळी डबा असेल, लग्नात आलेला चहाचा संच असेल. या सुट्टीत ते खाली काढावे, उलटे करून पाहावे, काठावरचे नाव वाचावे, आणि जे कोठेच लिहिलेले नाही ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर उतरवून ठेवावे. विचारण्याजोगी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.